नाईकांच्या पेटीतलं न फोडलेलं पाकीट

सतरा डिसेंबर १९७७, सकाळचे सव्वादहा. पोस्टमन इंद्रभानने तांड्याचे प्रमुख धनसिंग नाईक यांच्या ओट्याला सायकल टेकवली आणि कॉलेजातून आलेलं एक कार्ड मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर नाईकांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मी मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरची, नाईकांच्या घरातली जुनी पत्र्याची पेटी. कारंज्याच्या बाजारात मला ठोकलं, हिरवा रंग दिला, झाकणावर दोन मोर काढले. त्यातला एक गंजून गेला. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

माझं काम एकच. दिवाळी झाली की तांड्यावरची माणसं ऊसतोडीला नगरकडे जातात. दारांना काटेरी फांद्या लागतात. मागे त्यांच्या नावाने येणारा प्रत्येक कागद माझ्यात पडतो. फार पूर्वी एकाचं जमिनीचं पत्र त्याच्या माघारी फोडलं गेलं. तो परत येईपर्यंत बातमी बाजारभर झाली होती. पुढे दोघांची डोकी फुटली. तेव्हा तांड्याने ठरवलं, ज्याचा कागद त्याच्यासमोरच फोडायचा. वीस वर्षांत हा नियम मोडला नाही. पेटीत पडलं ते सुखरूप, असं बाया म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

दोन डिसेंबरला दौलतसिंगच्या नावाचं खाकी पाकीट आलं. त्याची लेक हेमला ही या तांड्यावरून शहरात कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. फीमाफीच्या भरवशावर तिला कच्चा प्रवेश मिळाला होता. दौलतसिंग आणि त्याची बायको कमलीबाई तेव्हा उसाच्या फडात होते. नाईकांनी पाकीट कपाळाला लावलं आणि माझ्यात ठेवलं. पंधरा दिवस ते तिथेच पडून होतं. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

ते सतरा तारखेला, त्या कार्डावरून कळलं.

"पालकाच्या उत्पन्नाची पडताळणी मांगतली हाय," इंद्रभान म्हणाला. "पयल्या पत्राचा जवाब नाई म्हनते. वीस तारखेपर्यंत कागद नाई पोचला तं फीमाफी रद्द अन् प्रवेशबी रद्द. पयलं पत्र कुठी हाय?"

"पेटीत."

"फोडलं नाई? काहून?"

"दौलतसिंग नसतानी कसं फोडू?"

"अरे नाईक, ते काय त्याच्या बायकोनं लिवलं होतं, लाजाले?"

आतून नाईकांची बायको रामीबाई ओरडली, "मी तवाच म्हनलं होतं, फोडा. या घरात माह्यं कुत्रं आयकते, पन मानूस नाई आयकत!"

नाईकांनी मला उघडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मालक समोर नसताना पाकीट फाटलं. आत छापील फॉर्म निघाला. पालकाने तलाठ्यासमोर बसून त्यावर अंगठा द्यायचा होता.

"लावा तुमचाच अंगठा," इंद्रभान हळूच म्हणाला. "कोन पाह्यते?"

"तलाठी दौलतसिंगले लहानपनापासून ओयखते. अन् उद्या पोरीवरच खोटेपनाचा आळ आला तं? तिले तं हे पत्र आल्याचंबी मालूम नाई."

इंद्रभानने मान खाली घातली.

दुपारच्या एसटीने नाईकांचा पुतण्या धरमसिंग नगरकडे निघाला. दौलतसिंगला घेऊनच यायचं, असं त्याला सांगितलं होतं. पण ऊसतोडीची टोळी आठवड्याला फड बदलते. ती सध्या कुठे आहे, हे तांड्यावर कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

मित्रांनो, मला सगळ्यांनी भरवशाची म्हटलं, आणि माझ्याच पोटात एका मुलीचे पंधरा दिवस संपले. तुमच्या घरी कुणाच्या नावाचा कागद आला, तर त्यातली तारीख आधी पाहा. दूर जाणाऱ्याला निघतानाच विचारून ठेवा, तुमच्या माघारी पत्र कुणी फोडायचं? झाकण लावल्याने तारीख थांबत नाही.

आज एकोणीस तारीख आहे; उद्याच कागद कॉलेजात पोचायला हवा. तलाठी कचेरीत उद्या दुपारी एकपर्यंतच बसणार, असा निरोप आला आहे. संध्याकाळची एसटी येऊन गेली. तिच्यातून दोन बाया आणि एक म्हातारा उतरला. धरमसिंग उतरला नाही.