डबीतल्या माश्या

रत्नदीपनं माशी चिमटीत धरली आणि तिचा गळ अंगठ्याच्या नखावर ओढला. गळ रुतायला हवा होता. तो नुसताच घसरला.

त्यानं दुसरी माशी घेतली. तीही घसरली. तिसरी तर त्यानं मुद्दाम बोटाच्या मऊ पेरावर दाबली. रक्त राहू द्या, साधा लाल ठिपकाही उमटला नाही. मग मात्र त्यानं टेबलावर पडलेलं बाबांचं पेपर वाचायचं भिंग ओढलं आणि डबीतली एकेक माशी त्याखाली धरून बघायला लागला. पिसं जागच्या जागी, दोरा जागच्या जागी, गळाचा बाकही जागच्या जागी. फक्त बाक जिथं संपतो तिथलं टोक नव्हतं. कुणीतरी ते उडवलं होतं. एकूण एक माशीचं.

“च्यायला!” तो म्हणाला.

या माश्या म्हणजे खऱ्या माश्या नव्हेत. ट्राउट नावाचा मासा डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि पाण्यावर पडलेले किडे खातो. तेव्हा इवल्याशा गळावर पिसं नि दोरा बांधून खोटा किडा करायचा, लांब दोरी हवेत फिरवून तो अलगद पाण्यावर ठेवायचा आणि माशाला फसवायचं, असा हा सगळा उद्योग. आता सिंगापुरात ना डोंगर, ना थंड पाणी, ना ट्राउट. पण वन-नॉर्थ भागातल्या त्याच्या ऑफिसातल्या को नावाच्या सिनिअरनं एकदा याच्या हातात काठी दिली आणि हा चांगला चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर खुळा झाला. वुडलँड्स भागातल्या आपल्या राहत्या ब्लॉकसमोरच्या मैदानात, नुसत्या गवतावर, दोन वर्षं तो रोज संध्याकाळी दोरी फिरवत उभा राहायचा. शाळेतून परतणारी एक मुलगी थांबून म्हणाली होती, “अंकल, नो वॉटर लाह.” हा म्हणाला, “आय नो.” तिनं त्याच्याकडं जे पाहिलं, ते बघून त्याची बायको एकता वर गॅलरीत उभ्या उभ्या हसून लोटपोट झाली होती.

शेवटी या मार्चमध्ये तो कोबरोबर न्यूझीलंडला जाऊन आला. जाताना हट्ट एकच, स्वतः बांधलेल्या माश्यांवरच मासा लावायचा, कुणाची उसनी घ्यायची नाही. आणि तिथं काय झालं ते त्याला आल्यापासून कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

मासे आले होते. हीच तर गंमत. गुडघाभर पाण्यात तो उभा असायचा, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत, आणि इतकं गार की पाय आपलेच आहेत का ते खाली बघून ठरवावं लागे. दोरी मागं जायची, क्षणभर तिथंच थबकायची, मग पुढं उलगडायची. माशी पाण्यावर टेकायची. प्रवाहाबरोबर तरंगत यायची. आणि एखाद्या दगडाच्या सावलीतून ती सावलीच सुटी झाल्यासारखा मासा वर यायचा, घाईगडबड काही नाही, पांढरं तोंड उघडायचा आणि माशी आत घ्यायचा. हाताला झटका बसायचा. आणि दुसऱ्याच क्षणी दोरी सैल. मासा गेलेला.

को म्हणाला, तू फार लवकर ओढतोस. वाटाड्या म्हणाला, फार उशिरा. रत्नदीपनं आधी ओढून पाहिलं, नंतर ओढून पाहिलं, शेवटी मोजून ओढून पाहिलं. हाती काही नाही. कॅमेऱ्यात नदीचे फोटो, डोंगराचे फोटो, को हातात मासा घेऊन दात काढतोय तो फोटो. याच्या माशाचा एकही नाही. जवळचं दिसायला चष्मा लागतो हे हा पठ्ठ्या अजून कबूल करायला तयार नव्हता, त्यामुळं गळाला टोक आहे की नाही हे त्याला तिथं दिसणं शक्यच नव्हतं.

पण खरा घोळ वेगळाच होता. एकही मासा न लागता ते दिवस त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते. को संध्याकाळी त्याच्या खांद्यावर थोपटून “नेक्स्ट टाइम” म्हणायचा आणि याला वाईट वाटायचंच नाही. वाटायला हवं होतं. का वाटत नाही, ते त्याला कळत नव्हतं.

आणि आता ही बोडकी डबी.

तो डबी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेला. “एकता, यांना हात लावला होतास?”

“मी?” एकतानं कणकेतला हातही बाहेर काढला नाही. “तुझ्या त्या किड्यांची मला किळस येते. मी कशाला हात लावू?”

“मग कुणी लावला?”

“तू जायच्या आधी बाबा बसायचे डबी घेऊन. तू ऑफिसला गेलास की. मला वाटलं, बघतायत नुसतं.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “हे बघ, परवा ते पुण्याला परत जायचेत. आता नवीन काही काढू नकोस. त्या दिवशी जेवताना तू बोललास, तेव्हापासून त्यांनी माशाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, माहितीये ना?”

माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

त्याचे बाबा, गणपतराव, पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून लेकाकडं आले होते. आल्या आल्या त्यांनी मैदानातला तो तमाशा पाहिला आणि जेवताना विचारलं होतं, “हा मासा खायचा का रे?”

“नाही बाबा. पकडायचा आणि परत सोडायचा.”

“विकायचा?”

“सोडायचा म्हणतोय ना.”

“मग खायचा नाही, विकायचा नाही, तर त्या मुक्या जिवाच्या तोंडाला टोचायचं कशाला? सकाळी माझ्या शेजारी बसून पंचशील म्हणतोस ना? त्यातलं पहिलंच काय आहे? जिवाची हिंसा करायची नाही, हेच ना?”

एवढंच. पण रत्नदीपच्या नाकावर त्या दिवशी आधीच ऑफिसचा राग होता. तो ताटाकडं बोट दाखवून म्हणाला, “आणि बोंबील खाताना तुम्हाला आठवतं का ते पहिलं?”

बाबांनी ताटातला बोंबील हळूच कडेला सारला होता. त्यानंतर बाप-लेकात “पाणी दे” आणि “पेपर कुठाय” यापलीकडं बोलणं झालं नव्हतं. तो न्यूझीलंडला निघाला तेव्हाही बाबा दारापर्यंत आले आणि लिफ्टचं बटण तेवढं दाबून दिलं.

आणि मनात हे चाललेलं! तोंडानं बोलायचं नाही आणि गुपचूप टोकं उडवायची. रत्नदीप लिफ्टमध्ये शिरला तो मनाशी वाक्यं जुळवतच. तुम्हाला पटत नाही ना, तोंडावर सांगायचं. माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

खाली वॉइड डेकवर, ब्लॉकच्या पोटातल्या त्या मोकळ्या जागेत, बाबा दगडी बाकावर बसले होते. समोर शेजारच्या ब्लॉकमधले लिम अंकल चिनी बुद्धिबळाचा पट मांडून एकटेच खेळत होते. त्या दोघांची छान गट्टी जमली होती. लिम अंकल चिनीत बोलायचे, बाबा हिंदीत, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

रत्नदीपनं डबी उघडून बाबांसमोर धरली.

“हे तुम्ही केलंत?”

“हो,” बाबा म्हणाले. चटकन, सरळ. नाकारतील म्हणून जुळवलेली निम्मी वाक्यं तिथंच फुकट गेली.

“का पण?”

बाबांनी आधी लिम अंकलकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “येताना मुंबईला विमानतळावर मला बाजूला काढलं रे. पिशवीत मिशीची कात्री होती माझी. एवढीशी. सगळ्या लोकांदेखत पिशवी उलटी केली. औषधं, चड्ड्या, तुझ्यासाठी आणलेले लाडू, सगळं टेबलावर. काय काय विचारत होते. मला धड उत्तरं देता येईनात.”

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

“काय सांगायचं त्यात?” बाबांनी हात झटकला. “एका कात्रीसाठी एवढं. आणि तुझ्या या डबीत तर नुसती टोकंच टोकं. मी म्हटलं, हा पोरगा असाच जाणार, खिशात डबी घालून. आमच्या निशिकांतच्या खिशात कारखान्याच्या गेटवर काडेपेटी सापडली होती. विसरला होता बिचारा. घरी बसवला त्याला. बायको-पोरं होती. तुझं तर परक्या देशात. उद्या तुझा तो इथला नोकरीचा पास काढून घेतला तर?”

रत्नदीपनं डबीकडं पाहिलं. पंचशील नाही, बोंबील नाही, काही नाही. डबी तर त्यानं मोठ्या बॅगेत टाकून सामानात दिली होती. गळ न्यायला कुणाची काही ना नव्हती. को तर दरवर्षी नेत होता.

“मला विचारायचं तरी, बाबा.”

“बोलत कुठं होतास तू?”

रत्नदीपला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या दिवसांत तो या माणसासमोरून मान फिरवून जात होता, त्याच दिवसांत हा माणूस भिंग लावून त्याची नोकरी वाचवत बसला होता.

“तुझीच पक्कड घेतली,” बाबा म्हणत होते. “पिसाला कुठं धक्का लागू दिला नाही. एवढं मन लावून बांधलेलं तू. आणि वाकडा भाग ठेवलाय की. मासा काय, वाकड्यात अडकतोच.” ते थांबले. लेकाच्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असावं. “अडकतो ना?”

रत्नदीपनं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण खोटं येईना.

“नाही अडकत, बाबा. टोक लागतं.”

“म्हणजे… एकही नाही?”

“एकही नाही.”

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी डबीतली एक माशी उचलली, तळहातावर ठेवली, परत डबीत ठेवली. “एवढा खर्च करून गेलास. दोन वर्षं त्या गवतात उभा राहिलास. आणि मी…”

“पण येत होते,” रत्नदीप घाईनं म्हणाला. “मासे येत होते, बाबा. रोज. वर येऊन माशी तोंडात घ्यायचे, आणि सोडून जायचे.”

“मग त्यात मजा कसली?”

“तेच कळत नाही मला. पण आली. फार मजा आली.”

बाबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू याला आता डॉक्टरकडंच न्यायला हवं. मग त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी आलं. ते पुढं वाकले, आवाज बारीक केला. “एक सांग. तिकडं उतरल्यावर ही डबी कुणी उघडली का?”

रत्नदीपला न्यूझीलंडच्या विमानतळावरचा अधिकारी आठवला. लालबुंद, हसरा माणूस. त्यानं डबी उघडली होती खरी. पिसं कुठल्या पक्ष्याची ते विचारलं होतं, बुटांच्या तळव्यांना माती आहे का ते पाहिलं होतं आणि खूप मासे मिळोत म्हणून डबी परत दिली होती. गळांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

“उघडली,” तो म्हणाला.

“काय सांगतोस!”

“हो. एकेक माशी उचलून बघितली.”

“आणि?”

“आणि जा म्हणाला.”

बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो किती दिवसांचा कोंडलेला होता कुणास ठाऊक. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि पटाकडं वळले. “खोला था, लिमसाब! डब्बा खोला था! सब देखा, कुछ नहीं मिला!”

लिम अंकलनी सोंगटीवरचं बोट न हलवता गंभीरपणे मान डोलावली. “गुड, गुड,” ते म्हणाले. “व्हेरी गुड.”

रत्नदीपला हसू येत होतं की रडू, त्याचं त्यालाच समजेना. तो डबी मिटून बाबांच्या शेजारी बाकावर बसला. बाबा सरकले. थोडा वेळ दोघंही लिम अंकलचा एकट्याचा डाव बघत राहिले, त्यातलं दोघांनाही ओ का ठो कळत नव्हतं.

“बरं,” बाबा म्हणाले, “ते आलेले मासे. केवढे होते रे?”

रत्नदीपनं दोन्ही हात समोर धरले. मग ते आणखी जरा लांब केले.