बरणीतलं आतडं

"हाललं! हाललं व माय!"

रोहणा गावच्या समाजमंदिरात एकच गलका उठला. काचेच्या बरणीत एक गुलाबी, लिबलिबीत गोळा वर चढत होता, खाली बसत होता. बरणीमागे निकेश उभा. अंगात पांढरा कोट, कपाळी अष्टगंध. देव आणि दवाखाना, दोन्ही एकाच दुकानात!

"काल लाळ घेतली, आज तुमच्या आतड्याचं जुळं तयार! इथं भस्म टाकलं का तिकडं पोटातला रोग पळते. सायन्स हाय हे! माही बहीण हर्षा वर्ध्याच्या लॅबमध्ये हेच करते!"

दारात आलेली हर्षा आपलं नाव ऐकून थबकली. निकेश तिचा सख्खा मावसभाऊ. लॅबमधलं काम तिनंच त्याला हौसेनं समजावलं होतं. आणि आजची बरणी होती तिच्या आईच्या, शोभाबाईंच्या नावाची! आतड्याच्या दुखण्यावरच्या गोळ्या त्यांनी या भस्मापायी महिन्यापूर्वीच सोडल्या होत्या. पुन्हा रक्त पडू लागलं होतं.

"आई, मले काऊन नाई विचारलं?"

"त्यानं तुह्यंच नाव घेतलं. मंग काय विचारू?"

हर्षा तडक पुढे झाली. तिनं बरणीत हात घालून गोळा काढला, कुस्करून दाखवला. "हा कतिरा डिंक, उन्हाळ्यात सरबतात टाकता तो. रातभर भिजून फुगला, रंग टाकून गुलाबी केला. पाण्यात लिंबू हाय, अन् भस्म म्हणजे खायचा सोडा. बुडबुडे चिकटले का गोळा वर, फुटले का खाली."

शेजारून लिंबू-सोडा मागवून तिनं ग्लासात मनुका टाकल्या. त्याही नाचू लागल्या.

"आता हे कोणाचं आतडं, दादा?"

"हर्षा, घरची गोष्ट घरात..."

"घरच्याच माणसानं माह्या मायच्या जिवाशी खेळ केला!"

मग ती लोकांकडे वळली. "लॅबमध्ये आम्ही पेशंटच्या आतड्याच्या पेशींपासून बारीकसे गोळे वाढवतो. त्यात पोटातले जंतू टाकून कोणता मदत करते, कोणता त्रास देते, ते पाहतो. तो अभ्यास हाय. गोळ्यावर भस्म टाकून कोणाचं पोट बरं होत नाई. कोणी सायन्स म्हटलं म्हणून मान डोलवू नका. कसं, काऊन, दाखव, असं विचारा. त्याले विचारा, मलेही विचारा."

शोभाबाई उठू लागल्या. निकेशनं आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"मंग सांग हर्षा, गोळ्या सोडल्या म्हणून रगत पडते काय?"

"तसंच वाटते, आई. डॉक्टरनं तपासलं पायजे."

"चाल मंग वर्ध्याले. डॉक्टरलेही विचारीन."