याडीचे प्रश्न

घड्याळाचं चित्र काढता आलं नाही, म्हणून शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्या याडीला, म्हणजे आईला, स्मृतिभ्रंश झाल्याचं ठरवून टाकलं. जिने जन्मात पेन्सिल धरली नाही, ती घड्याळ काय काढणार? वर तिच्याशी न बोलता विचारतात, “सोबत घरचं कोण आहे?”

त्या रागातच मी मेंदूची डॉक्टर झाले. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात बारा वर्षं खपून निरक्षरांसाठी नवी चाचणी तयार केली. कपाशीच्या किती ओळींनंतर तूर पेरायची? कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसा कसा शिवायचा?

काल तेच डॉक्टर ती चाचणी शिकायला आले. प्रश्न याडीनेच विचारले. पहिल्यालाच ते चुकले.

याडी माझ्याकडे वळली. “रंजिता, याच्यासंगं घरचं कोणी आलं काय?”