दवाखान्याचा चढ

स्टेशनपासून मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता सगळा चढाचा आहे. पूर्वी तो फक्त गाड्यांचा होता. माणसं कडेकडेनं अंग चोरून चालायची. आणि दवाखान्याकडे पायी जाणारी माणसं कोण, तर आजारी, म्हातारी, दिवस भरलेल्या बायका, आणि त्यांना दंडाला धरून नेणारे. त्या रस्त्यातली गाड्यांची एक लेन काढून तिथं रुंद फुटपाथ, झाडं आणि बाक आणायला झाडवालीनं आपली उमेदीची वर्षं घातली.

झाडवाली हे तिचं ऑफिसातलं नाव. नगररचना खात्यात रस्त्याकडेची झाडं, सावली, बसायच्या जागा हे काम तिच्याकडे होतं. तिचा नवरा त्याच खात्यात ड्राफ्ट्समन. ती हातवारे करून सांगायची आणि तो कागदावर उतरवायचा. लग्नही तिथंच जमलं. "हिला जिकडंतिकडं झाडं दिसतात. माझ्यात एखादा ओंडका दिसला असेल," असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "ओंडका बरा, निदान बसता तरी येतं."

ती जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"बसा. दवाखान्याच्या रस्त्याचं निघालंय. ॲम्ब्युलन्स अडकतात. दवाखान्याला ती लेन परत हवी आहे."

"मग फुटपाथ?"

"निम्मा राहील. झाडं आणि बाक जातील."

 साहेबांनी समोरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडं केला.

"नकाशा तुम्ही काढू नका, दुसऱ्याला देतो. मला वेगळं विचारायचंय. समितीपुढं सुनावणी आहे, तिथं तुम्ही बोलाल का? बाईंची ॲम्ब्युलन्स तिथंच अडकली होती. तुम्ही एवढं एक सांगितलंत, तर पुढं कुणाची हरकत टिकणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर वाद चालेल. आणि तोवर दुसऱ्या कुणाची तरी बायको तिथं अडकेल. मी जबरदस्ती करत नाही. विचार करा."

साहेब वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्यावर चिडून मोकळं होता आलं असतं.

बाहेर सर्व्हेअर उभाच होता. हा त्याचा जुना मित्र, फाटक्या तोंडाचा. "काय रे, बढती दिली का?"

"हो. साक्षीदार केलं."

सर्व्हेअरनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

झाडवालीचं दुखणं लांबलं होतं. आगगाडीनं स्टेशनला उतरायचं आणि पुढं चढ. रिक्षात बसलं की हिसक्यांनी तिला उलट्या व्हायच्या, म्हणून ती चालायची. तो तिला धरायचा. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत. बाकावर बसली की ती आधी दम खायची आणि मग झाडांना नावं ठेवायची. हे वाकडं वाढलंय, त्याच्या बुंध्याशी कुणी सिमेंट ओतलंय, कुठला गाढव कंत्राटदार होता. चढाच्या मध्यावर मात्र तिला बाकापर्यंत पोचवेना. झाडाला टेकून ती उभी राहायची.

"चुकले रे मी," एकदा ती म्हणाली. "एक बाक कमी पडला. धडधाकट पायांनी अंतर मोजलं ना मी."

"घालू की अजून एक."

"तू घालणार? तू फक्त कागदावर घालशील."

शेवटच्या दिवशी मात्र चालायचा प्रश्नच नव्हता. लेक पुढं जाऊन दवाखान्याच्या फाटकाशी थांबली होती. खाट तयार होती, डॉक्टर तयार होते. फाटकातून सगळा उतार खालपर्यंत दिसतो. लेकीला ॲम्ब्युलन्सचा दिवा दिसला. तो फिरत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. ती बघत राहिली, मग धावत सुटली. आई वर पोचली तेव्हा एका डॉक्टरनं मान हलवली आणि म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं." तो म्हणून गेला आणि दुसऱ्या खाटेकडे वळला. लेकीच्या कानातून ते वाक्य काही गेलं नाही.

लेक त्यानंतर वडिलांकडेच राहायला आली होती. सुनावणीचं ऐकून तिचे डोळे वेगळेच झाले. ताट पुढं सरकवताना तिनं विचारलं, "तुम्ही बोलणार ना, बाबा?"

"बोलावंच लागेल."

"मीही बोलणार आहे. तो रस्ता गेला पाहिजे."

"तुझ्या आईचा रस्ता आहे तो."

"म्हणूनच. तिच्याच रस्त्यानं तिला मारलं."

तो खाली बघून जेवत राहिला. आपण दोघं एकच बोलणार आहोत असं तिला वाटतंय, हे त्याला कळत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याबरोबर बसून पोटभर जेवत होती. त्याची जीभ रेटली नाही.

सुनावणीच्या हॉलमध्ये पंखे खडखडत होते. पुढं औषधांच्या दुकानांचे मालक बसले होते. मागं दवाखान्याची माणसं आणि चार म्हातारे. झाडवालीच्या खुर्चीवर आता बसणारा नवा मुलगाही होता, तो मान वर करत नव्हता. टेबलापलीकडे समितीच्या अध्यक्षबाई. शेजारी मोठे साहेब.

लेक आधी बोलली. तिचा आवाज कापला नाही.

"मी फाटकात होते. मला दिवा दिसत होता. गाडी पुढं येत नव्हती. शेवटी मी खाली पळत गेले. कुठून माहितीये? त्या फुटपाथवरून. एवढा रुंद फुटपाथ, रिकामा. आणि माझी आई शेजारी गाडीत अडकलेली. तो फुटपाथ माझ्या आईनंच केला होता. ती आज असती तर तिनं स्वतः तो तोडला असता. माझं एवढंच म्हणणं आहे."

 मग ड्राफ्ट्समनचं नाव पुकारलं. तो उठला. लेकीनं वाट देताना त्याचा हात दाबला.

"ॲम्ब्युलन्स अडकली होती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. अडकली होती."

"तेवढं पुरे आहे. बसा."

"अजून आहे," तो म्हणाला. त्याला बोलायची सवय नव्हती. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "मी गाडीत होतो. काचेतून दिसत होतं. औषधांच्या दुकानांसमोर फुटपाथला खेटून गाड्या लावल्या होत्या. एकीच्या बाजूला दुसरी. आमचा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून थकला. एक माणूस दुकानातून हातानं खूण करत होता, आलोच म्हणून. त्या रस्त्याचा जुना नकाशाही मीच काढलाय. तेव्हा ही लेन होती. तिथंही गाड्याच लावलेल्या असायच्या. आणखी लेन दिलीत तर तिथं आणखी गाड्या लागतील. ॲम्ब्युलन्स तिथंच उभी राहील."

"अहो, गिऱ्हाईक काय खिशात घालून आणतं का गाडी?" एक दुकानदार ओरडला. "बायकोपेक्षा बाक प्यारे झाले यांना!"

मागं कुणीतरी हसलं.

"आणि फुटपाथ रिकामा नव्हता," तो तसाच बोलत राहिला. "एक माणूस बाकावर बसला होता. एक्स-रेचं पाकीट होतं हातात. त्याला वर जायचं होतं, दम लागला होता. आमच्याकडे बघून तो उभा राहिला. माझ्या बायकोला महिनोन्महिने त्याच बाकांनी वर पोचवलं. मला दुसरं काही येत नाही. मी रेघा ओढतो. पण रस्त्यानं तिला मारलं असं मी म्हणणार नाही."

तो बसला तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती.

समितीनं आपसात कुजबुज केली. अध्यक्षबाईंनी सांगितलं, आधी दुकानांसमोर गाड्या लावायला बंदी करून बघू, लेनचा विचार नंतर. मोठ्या साहेबांनी कागद गोळा केले. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. जाता जाता म्हणाले, "बंदी कोण पाळतं ते तुम्हालाही माहीत आहे." सर्व्हेअरनं पाठीवर थाप मारली. "जिंकलास की लेका!" मग त्याचा चेहरा बघून हात काढून घेतला.

तो घरी आला तेव्हा लेक बॅग भरत होती. त्यानं दारातूनच विचारलं, "कुठं?"

"मावशीकडं."

"किती दिवस?"

 ती कपडे नीट घड्या करून भरत होती. आईसारख्याच घड्या, बाह्या आत दुमडून.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं, बाबा. त्या लोकांसमोर मला खोटं पाडायच्या आधी."

"तू खोटं नाही बोललीस."

"मग तुम्ही खोटं बोललात?"

"नाही."

"वा. छान." ती बॅगेवर दोन्ही हात टेकून थांबली. "मला एकच सांगा. समितीला नाही, मला. रस्ता मोकळा असता, पोचली असती वेळेवर, तर आई वाचली असती का?"

तो खाटेच्या कडेवर बसला. काहीतरी म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिचं ओझं उतरलं असतं. हो म्हटलं असतं तर निदान ती त्याच्या बाजूला बसून रडली असती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"तिथं तर सगळं माहीत होतं तुम्हाला."

"तिथं रस्त्याचं विचारलं होतं."

तिनं बॅगेची चेन लावायला घेतली. ती मध्ये अडकली तेव्हा त्यानं उठून कापड आत सारलं, आणि तिनं सारू दिलं.

बस थांब्यापर्यंत बॅग त्यानंच उचलली.  बस आली, ती चढली, खिडकीशी बसली आणि मग काच सरकवून म्हणाली, "फ्रीजमध्ये भाजी आहे. उद्यापर्यंत संपवा, नाहीतर फेकावी लागेल."

"तू फोन करशील?"

"बघते."

बस गेली. तो थांब्यावरच उभा राहिला. थोड्या वेळानं मागची बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि विचारलं, "यायचंय का काका?"

त्यानं नाही म्हणून हात हलवला. ड्रायव्हरनं क्षणभर वाट पाहिली, दार लावून घेतलं आणि गाडी पुढं काढली.