मुखपृष्ठावरच्या बाईचे पाय

मला कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ओळख करून देतो. मी बफर. संगणकाच्या स्मृतीतली इवलीशी जागा. फाइल दुसऱ्या गावी निघाली, की तिचा एकेक तुकडा आधी माझ्यात येतो आणि मग मी तो तारेवर सोडतो.

माझा जन्म नारायण पेठेतल्या एका अक्षरजुळणीच्या कचेरीत झाला. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेवरून कुरकुरत यायचं. मला घडवलं चैतालीनं. वर्ध्याहून आलेली, नोकरी अजून कच्ची. दिवाळी अंकाची पानं लोणी काळभोरच्या छापखान्यात तारेवरून धाडायची, हे तिचं काम. जमलं तर नोकरी पक्की. नाही तर पानं पूर्वीसारखी स्कूटरवरून जाणार आणि ती वर्ध्याला.

पोरगी भारी काळजीची. तिनं मला चिमटीएवढा ठेवला, आणि दर तुकड्यामागे मी पलीकडे विचारायचं, "मिळालं का?" 'मिळालं' असं उत्तर आलं, की मगच पुढचा तुकडा. विचारण्यातच माझा जन्म जात होता.

अंकाचं मुखपृष्ठ निघालं, ते दुपार सरत आली तरी पोचेना. संध्याकाळी छापखान्याचं यंत्र दुसऱ्या अंकाला लागणार होतं. मालक वैजनाथ तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"जाऊन राहिलं ना सर," चैताली म्हणाली.

"दिसतंय. फाइल पाठवताय की बाळाला घास भरवताय?"

तिला राग आला. मग आपली चूक लक्षात येऊन हसूच फुटलं. दोन संगणकांना जोडणारी वाट, म्हणजे सॉकेट. वाटेत सांडलेलं पुन्हा पाठवायची सोय त्या वाटेतच होती. आपण उगीच विचारत बसलो होतो! तिनं मला पोत्याएवढा केला आणि बजावलं: भरलास की नीघ, विचारायचं एकदाच, अगदी शेवटी. काय सुटलो म्हणून सांगू! इतके दिवस बांधून ठेवलेल्या माझ्या अंगात वारं शिरलं. चहा निवायच्या आत मुखपृष्ठ पलीकडे.

तेवढ्यात छापखान्यातून बाबुरावांचा फोन. "ताई, बाई आली. पण बाईला पाय न्हाईत."

चित्रात दिवा घेतलेली बाई होती. तिचे पाय माझ्यापाशी होते! शेवटचा तुकडा छोटा, त्यानं मी अर्धाच भरलेला, आणि हडपसरच्या सहा आसनी रिक्षासारखा पुरता भरायची वाट बघत बसलेलो. चैतालीनं कपाळाला हात लावला आणि एक ओळ वाढवली: फाइल संपली, की असशील तसा नीघ.

"आले!" बाबुराव एवढे ओरडले, की खोलीभर ऐकू गेलं. "दोन्ही बी आले!"

कचेरीत टाळ्याच टाळ्या. वैजनाथ तेवढे गंभीर. "उद्या वेळेवर या," ते चैतालीला म्हणाले. "परवाही. आता रोजच यायचंय."

आज तारा इतक्या वेगवान, की माझ्यातून काय गेलं ते मलाच कळत नाही. पण मी मजेत आहे. चैताली मॅडम नव्या मुलांचं काम तपासताना हटकून विचारतात, "पाय पाठवलेत का?" पोरं चक्रावतात, मी आतल्या आत हसतो. तुम्हीही कुणाला काही पाठवलंत, तर घडोघडी विचारून जीव खाऊ नका. पण शेवटी एकदा नक्की विचारा, पायांसकट पोचलं ना?