ध्रुवाचा गाळ, चौकचा जीवखडा

विश्वास कोणावर ठेवाल, राव? 'डोळ्यांनी पाहिलं' म्हणणाऱ्या माणसावर, की तोंड नसलेल्या ढेकळावर? बोलतोय मी ढेकूळच. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचा तळ. माथेरानच्या पायथ्याच्या चौक गावी येसाजीशेटच्या दुकानात बसून बसून चार शब्द शिकलो, एवढंच.

तुमच्या माथेरानचा दगड निवाला, त्यानंतर फार काळाने तिकडची जमीन उसवली. भेगेत पाणी शिरलं, समुद्र झाला. तेव्हा तिथे ऊब होती, खरं वाटणार नाही! पाण्यावर हिरवं नेचं तरंगायचं, तुमच्या भातखाचरात तरंगतं तसलंच. ते मरून तळाशी बसलं, तो माझा काळा थर. त्यावर नद्यांचा गाळ. मग बर्फ आलं. वितळता वितळता पोटातले खडे खाली टाकत गेलं. जे आलं ते मी ठेवून घेतलं.

बेचाळीस सालात, दुसरी मोठी लढाई चालू असताना, रशियाकडे माल नेणाऱ्या एका बोटीचा नांगर माझ्यात रुतला नि मी वर आलो. नांगर धुणारा खलाशी चौकचा विठू. त्याने मला सोबत्याकडे फेकलं. "धर रं कमळ्या! आयेला दावू, दर्याचा तळ!" तेवढ्यात बोटीवरच्या बर्फावरून त्याचा पाय सटकला, तो पाण्यात गेला. मी वर आलो, तो माझ्या जागी गेला.

कमळ्या गावी परतला, पण विठूच्या आईपुढे जायचा धीर होईना. त्याने मला शेटच्या फळीवर ठेवलं. शेट हसले, "ही कसली रं विलायती ढेप?" कमळ्या रडायलाच लागला.

चार दिवसांनी शेटनीच विठूच्या आईला, बायजाला, बोलावून सांगितलं. ती ऐकून रडली नाही. मेलेल्याचा जीव म्हणून मसणातला एक खडा घेतात, दहाव्यापर्यंत त्याला पाणी देतात, तो जीवखडा. "माज्या पोराला मसण कुठलं? ह्योच द्या."

शेट म्हणाले, "वैनी, ह्यो दगड नाय गं, वाळलेला गाळ हाय. पाण्यात टिकायचा नाय."

"मंग पोराला तान्हेला ठेवू?"

शेटनी मला फळीवरून उचलून तिच्या ओंजळीत ठेवलं.

रोज पाणी घालते. "पी रं राजा." खडे सुटले, गाळ वाहिला, काल काळा थर उघडा पडला. आता ती मला ओंजळीत आवळून धरते, तरी बोटांतून निसटतोच. ओरडावंसं वाटतं, बायजा, थांब! तो माझ्यात नाही, माझ्या जागी आहे! पण ढेकळाचं ऐकतंय कोण?

दहाव्याला कावळ्यापुढे ठेवायला मी उरणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं. त्या लढाईत बुडालेल्या बोटींचा, माणसांचा हिशेब मांडाल तेव्हा खरा मांडा; विठूची बोट बुडाली नाही, तो एकटाच बुडाला. मी गाळ खरा. पण हिशेबातून विठूला गाळू नका.