चौदाव्या अध्यायाचा समास

मी एक जुनी प्रत आहे, मार्कच्या शुभवर्तमानाची. येशूची गोष्ट माझ्या सोळा अध्यायांत आटोपते. त्याच्याविषयीचे वाद मात्र दोन कपाटांत मावत नाहीत. मित्रांनो, छापखान्यातून निघाले तेव्हा माझे समास कोरे होते. मग वाचक आले. कोणी पानाचा कोपरा दुमडला, कोणी माझ्यावर चहाचा कप टेकवला, आणि एकाने पेन्सिलीच्या बारीक अक्षरांत माझे सगळे समास भरून टाकले. नंतर कित्येक वर्षे मला कोणी हात लावला नाही. अलीकडे तेवढी एक संशोधन करणारी मुलगी मला वाचून गेली.

त्या सकाळी ग्रंथपालबाईंनी मला बांधणीला पाठवायचे ठरवले आणि खोडरबर हाती घेतला. समासात लिहिणारा माणूस आणि उशीला खरकटा हात पुसणारा माणूस बाईंच्या लेखी सारखाच. तेरा अध्यायांचे समास पुसून झाले. चौदाव्यावर रबर टेकला, तोच ती मुलगी धापा टाकत आली.

"बाई, थांबा! अकराला माझी तोंडी परीक्षा आहे. ते पान हवंय मला."

"अगं, घाण काढतेय मी."

"तीच घाण हवीय!"

तिच्या प्रबंधात दोन अभ्यासकांची तुलना होती. विभागातले मोठे सर म्हणत, मार्कचा येशू म्हणजे निव्वळ अधिकार. वादळालाही गप्प करणारा. दुसरे म्हणत, छे, तो सोसणारा, एकटा पडलेला. मुलीचे म्हणणे, दोघेही अर्धेच वाचतात. आणि परीक्षेला समोर कोण? मोठे सरच. त्यांनी शेवटचे प्रकरण नाकारले, की सगळा प्रबंध पुन्हा लिहायचा.

"पकडला जाण्याआधी बागेत प्रार्थना करताना तो घाबरला म्हणता," परीक्षेत सर म्हणाले, "आणि तरी अधिकार उरतो? असं कोणी वाचलंय आजवर?"

मुलीच्या तळहाताचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला. "एका वाचकानं, सर. ग्रंथालयाच्या या प्रतीत, चौदाव्या अध्यायाच्या समासात लिहून ठेवलंय. 'तो घाबरला आहे. घाबरूनही मागे फिरत नाही. त्याचा अधिकार तो हाच.' मला तिथूनच सुचलं."

"कुणा टवाळानं पुस्तक खराब करायचं आणि तुम्ही त्याचा दाखला द्यायचा? आणा इकडे."

सरांनी चष्मा चढवला. पान वाचले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचले. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई पुढे सरकल्या. "काय झालं, सर?"

"टवाळ ओळखीचा निघाला," सर हळूच म्हणाले. "तेविसाव्या वर्षी अक्षर बरं होतं माझं."

शेवटचे प्रकरण जसेच्या तसे राहिले.

सगळे गेल्यावर सर मला घेऊन खिडकीशी बसले. पहिल्या अध्यायापासून एकेक पान उजेडात तिरके धरून बघू लागले. वादळाच्या गोष्टीपाशी बराच वेळ थांबले. पण ग्रंथपालबाईंचे काम चोख होते.

मित्रांनो, पुस्तकांवर लिहू नका, हे मला सांगायलाच हवे. बाई ऐकत आहेत. पण कोणी लिहून गेलेच असेल, तर पुसण्याआधी एकदा वाचा. माझे तेरा अध्याय आता अगदी स्वच्छ आहेत.